सहाशे माणसांखालची गाडी

लायल ट्रेलोरने एकतीस वर्षांत जेवढं उभं केलं तेवढंच स्वतःच्या हाताने पाडलं होतं, आणि याचा त्याला अभिमान होता. घर बांधणारा गवंडी म्हातारपणी बोट दाखवून सांगू शकतो, हे मी बांधलं. लायलला दाखवायला नुसती मोकळी मैदानं होती. "इथे आठशे माणसं बसली होती, नोलीन," तो जाता-येता बायकोला दाखवायचा, आणि तिथे दोन मेंढ्या चरत असायच्या. नोलीन मेंढ्यांकडे बघून मान डोलवायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, तेवढं ती करायचीच.

गाण्याचे कार्यक्रम, मोटारींच्या शर्यती, शेतीची प्रदर्शनं, जिथे म्हणून चार दिवसांपुरती गर्दी बसवायची असेल तिथे पाइपांची परांची बांधून त्यावर फळ्या आणि खुर्च्या चढवायच्या, हा त्याचा धंदा. मार्चमध्ये अ‍ॅडलेडला सगळे उत्सव एकदम येत, तेव्हा त्याला जेवायलाही सवड नसे. पण त्या वर्षी फेब्रुवारीतच घरचं कार्य निघालं. पोर्ट हॅलोरन, म्हणजे त्याचं स्वतःचं गाव, दीडशे वर्षांचं झालं. गावाच्या मैदानावर शनिवारी ट्रॅक्टरांची मिरवणूक, बँड, गाणी, आणि सगळ्यांना बसायला सहाशे जागांचा स्टँड. उत्सव समितीची चिटणीस नोलीन होती. स्टँड कोण बांधणार, असा प्रश्न समितीत निघालाच नाही.

लायलचं काम चोख होतं. फक्त त्याला एक खोड होती. दुसऱ्याची चूक त्याला तोंडपाठ असे. कुठल्या गावात कुणी शिडी आत ठेवून बाहेरून फळ्या ठोकल्या, कुणी आपलाच जेवणाचा डबा व्यासपीठाखाली बंद केला, हे सगळं तो नावगावासकट सांगायचा. आदल्याच बुधवारी फुटबॉल क्लबात त्याने अर्धा तास यावर प्रवचन दिलं होतं. "शेवटचा पाइप बसवायच्या आधी चारी बाजूंनी फिरून बघायचं," ग्लास टेबलावर आपटत तो म्हणाला होता. "एवढं सोपं आहे. पण लोकांना डोकं नसतं." लोक हसले होते. लायलला वाटलं, आपल्या सांगण्याला हसताहेत.

शुक्रवारी पारा एक्केचाळिसावर गेला. लायलबरोबर दोघं होती. एक केरिन शिर्मर, पस्तिशीची, दोन मुलांची आई. वीस किलोचा पाइप खांद्यावर टाकून शिडी चढताना गाणं म्हणायची, आणि तेही बेसूर. दुसरा विलियामी फोनुआ, मूळचा टोंगा बेटांवरचा, दाराएवढा रुंद, रविवारी चर्चमध्ये प्रवचन करणारा. विलियामी खोटं बोलत नसे. कामावर ही फार अडचणीची गोष्ट होती, पण पाइप उचलायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

स्टँडच्या मागच्या रांगा चार मीटर उंच होत्या. त्यांच्याखाली मैदानावरची एकमेव सावली होती. दुपारी लायलने फळ्या उतरवायला आपली गाडी, मागे हौदा असलेली पांढरी, सरळ त्या सावलीत आत घातली. फळ्या उतरल्या. गाडी बाहेर उभी केली असती तर संध्याकाळी सीटवर बसताच मांड्या भाजल्या असत्या, म्हणून त्याने ती तिथेच राहू दिली. तेवढ्यात अपंगांच्या उतारावरून समितीच्या एका बाईशी वाद निघाला. तो मिटतोय तोवर खुर्च्यांचा ट्रक आला. तो रिकामा होतोय तोवर समितीच्या लोकांनी स्टँडच्या पाठीला हे एवढं मोठं निळं कापड ताणून लावलं, त्यावर 'दीडशे वर्षं' असं लिहिलेलं.

चार वाजता तपासणीचे इंजिनिअर आले. हाजिस त्यांचं नाव, माणूस बारकाईचा. त्यांनी पाइपांच्या सांध्यांची प्रत्येक पकड ठोकून बघितली, खाली वाकून आत नजर टाकली आणि विचारलं, "ती गाडी बाहेर निघेल ना?"

पाइप वाहायची हातगाडी तिथेच बाजूला पडली होती. लायलला वाटलं, तिच्याबद्दल विचारताहेत.

"निघेल की," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"मग ही बाजू बंद कर, तिरके पाइप घाल आणि फोटो पाठव. एकदा मी सही केली की एकही पाइप हलवायचा नाही. हलवलास तर मला परत येऊन बघावं लागेल, आणि मी आता चारशे किलोमीटर लांब चाललोय, सोमवारपर्यंत."

"मी काय आजचा आहे का?" लायल म्हणाला.

हाजिस गेले. लायलने हातगाडी बाहेर काढली. शेवटची बाजू त्याने स्वतः बंद केली, शेवटचा तिरका पाइप स्वतः पान्याने आवळला, फोटो पाठवला, सही मिळाल्यावर तपासणीचं हिरवं कार्ड लटकवलं आणि नियमाप्रमाणे चारी बाजूंनी फिरून पाहिलं. बाहेरून. आत काय आहे ते बघावं असं यादीत लिहिलेलं नव्हतं. यादी त्यानेच बनवली होती.

साडेपाचला हातपाय धुऊन तो घरी जायला निघाला, आणि गाडी नव्हती.

"माझी गाडी कुठाय?"

केरिनने इकडेतिकडे पाहिलं. दिवसभर उन्हात राबून तिघांचीही डोकी भाजली होती. सपाट मैदान, पलीकडे धान्याची कोठारं, कोठारांपलीकडे समुद्र. गाडी लपायला जागाच नव्हती.

"चोरली!" लायल म्हणाला. "भरदिवसा! माझ्या डोळ्यांसमोर!"

त्याने तिथूनच मॉरीन टिल्ब्रुकला फोन लावला. मॉरीन म्हणजे गावची एकुलती एक पोलीस, शाळेत त्याच्या मागच्या बाकावर बसणारी. नंबर, रंग, डाव्या दारावरचा पोचा, सगळं त्याने सांगितलं. मग क्लबात फोन केला. मग नोलीनला. दहा मिनिटांत गावाला कळलं, आणि गावाने काय धावपळ केली! उद्याच्या उत्सवाची तयारी टाकून क्लबातली बारा माणसं सहा गाड्या घेऊन सहा रस्त्यांनी सुटली. लायल मैदानात कमरेवर हात ठेवून उभा होता. खरं सांगायचं तर त्याला थोडं बरंही वाटत होतं. इतकी विचारपूस त्याची कधी झाली नव्हती.

सव्वासहा झाले. विलियामी आपली पाण्याची बाटली शोधायला पाइपांमधून अंग चोरत स्टँडखाली शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. बाटली हातात होती, आणि तो तोंड पुसत होता.

"लायल," तो हळूच म्हणाला, "चोरांनी गाडी परत आणून ठेवली म्हणायची."

"कुठे?"

विलियामीने अंगठ्याने मागे दाखवलं.

लायल वाकला, पाइपांमधून आडवा होत आत शिरला. पांढरी गाडी सावलीत गार उभी होती. चारी बाजूंनी उभे पाइप, आडवे पाइप, आणि तिरके पाइप, सगळे त्याच्या स्वतःच्या हाताने घट्ट आवळलेले. माणूस अंग चोरून येऊ-जाऊ शकेल एवढी फट होती. गाडीला अंग चोरता येत नाही.

मागून केरिन आली. तिने गाडीकडे पाहिलं, मग वर फळ्यांकडे, मग लायलकडे. पाइप धरून ती हसत खाली बसली, इतकी की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"शेवटचा पाइप बसवायच्या आधी..." ती म्हणाली.

"गप."

"चारी बाजूंनी..."

"केरिन, गप बस म्हणतो ना!"

"गुरू, एवढं सोपं आहे," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

लायलने फोन काढला. मॉरीनचा नंबर समोर होता. तो दाबणार तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजले. सहाही गाड्या परतल्या होत्या. माणसं घामाघूम होती. एक जण वीस किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर जाऊन आला होता, एकाने खाडीकडच्या सगळ्या पायवाटा पालथ्या घातल्या होत्या. आणि त्यांच्यामागून नोलीन आली, हातात झाकलेलं भांडं. शेजारणीने लायलसाठी मटण-बटाटा शिजवून दिला होता. दुःखात जेवण करायचं सुचत नाही म्हणून.

बारा धुळकटलेले चेहरे त्याच्याकडे बघत होते. यातल्या दहा जणांनी बुधवारचं प्रवचन ऐकलं होतं.

"काही पत्ता?" लायलने विचारलं.

आपलाच आवाज ऐकून तो चकित झाला. त्यात खरोखरच काळजी होती.

"मिळेल रे," कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. "कुठे जाईल?"

"कुठेच जाणार नाही," विलियामी म्हणाला. हे खरंच होतं.

घरी जाताना नोलीनच्या गाडीत लायलने स्वतःची समजूत घातली. पाइप काढता येत नाहीत. हाजिस सोमवारी येणार. मग उद्याचा दिवस पार पडू दे, गाव मजा करू दे, परवा हळूच मॉरीनच्या कानावर घालू. यात कुणाचं काय बिघडतंय? मटण-बटाटा त्याने दोनदा वाढून घेतला. लाजेने भूक मेली असती तर त्याची स्वतःच्या नजरेतली किंमत जरा वाढली असती, पण भूक उत्तम होती.

शनिवारी अकरापासून लोक यायला लागले. नोलीनने आपल्या आईला वृद्धाश्रमातून स्वतःच्या गाडीने आणलं. विनिफ्रेड रॉड्डा, वय वर्षं त्र्याण्णव, गावातली सगळ्यात जुनी रहिवासी, म्हणून पहिल्या रांगेत मधोमध. लग्नानंतर अकरा वर्षं लायल तिला मिसेस रॉड्डा म्हणत होता. मग एका ख्रिसमसला तिने 'विन' म्हणायची परवानगी दिली, आणि अजूनही तिला तिचा पश्चात्ताप होतो की काय अशी त्याला शंका होती.

"तुझी गाडी गेली म्हणे," विन म्हणाली.

"हो, विन."

"कुलूप लावलं नसशील."

"चारी बाजूंनी लावलं होतं," पाठीमागून केरिन म्हणाली.

नोलीनने विलियामीला गाठून विचारलं, "तू दिवसभर तिथेच होतास, तुला काहीच दिसलं नाही?" विलियामीने हातातली मटण भरलेली, करंजीसारखी अख्खी पॅस्टी तोंडात कोंबली, आणि ती चावून होईपर्यंत नोलीनला माईकवर बोलावणं आलं. नंतर तो लायलला म्हणाला, "ती चौथी होती. मला आता पाचवी जाणार नाही."

मिरवणूक दीड वाजता निघाली. सगळ्यात पुढे असायला हवा होता गॅव्हिन निचकीचा ट्रॅक्टर. गॅव्हिन चाळिशीचा होता, धान्याच्या कोठारांवर कामाला. आजोबांचा गंजलेला ट्रॅक्टर त्याने दोन वर्षं सुटीच्या दिवशी शेडमध्ये बसून खिळा न् खिळा दुरुस्त केला होता. गावात जुना आणि चालता असा तो एकच होता, म्हणून पहिला मान. पण बँड वाजत आला, त्याच्यामागे एकदम दुसरा ट्रॅक्टर आला. पुढची जागा रिकामीच.

"काही कारणाने निचकी कुटुंबाचा ट्रॅक्टर येऊ शकलेला नाही," नोलीन माईकवर म्हणाली.

स्टँडमध्ये कुजबुज झाली. क्लबातला एक जण वाकून लायलच्या कानाशी लागला. "पकडलाय त्याला मॉरीनने. सकाळी शेड बघायला गेली तर हा भडकला म्हणे. नेलाय चौकीवर. आता गाडी मिळालीच समज."

"गॅव्हिनला?"

"मग दुसरं कोण? जुनी सवय."

जुनी सवय म्हणजे एकोणिसाव्या वर्षी गॅव्हिनने दोनदा दुसऱ्यांच्या गाड्या पळवल्या होत्या आणि सहा महिने आत काढले होते. त्याला वीस वर्षं उलटली. त्यानंतर त्याने कुणाचा खिळासुद्धा उचललेला नव्हता. पण गावात साधी ढकलगाडी हरवली तरी पहिला प्रश्न त्यालाच जायचा.

लायल खुर्चीतून उठला. त्याने वळून पाहिलं. केरिन हसत नव्हती. सकाळपासून पहिल्यांदाच.

"आता मला कुणी विचारलं तर मी सांगणार," विलियामी म्हणाला. "आणि कुणीच विचारलं नाही, तर मी स्वतःच स्वतःला मोठ्याने विचारीन."

"नको. मी जातो."

चौकी अर्ध्या किलोमीटरवर होती. लायल उन्हातून पायीच निघाला, दुसरा इलाज काय होता? गाडी चोरीला गेलेली. वाटेत त्याने कबुलीजबाब जुळवायला घेतला. पहिल्या मसुद्यात तो सहाशे लोकांच्या सुरक्षिततेसाठी गप्प राहिला होता. दुसऱ्यात त्याला उन्हाचा झटका आला होता. तिसऱ्यात गाडी त्याला आत्ताच, दहा मिनिटांपूर्वी दिसली होती. हा तिसरा चांगला होता. त्यात सगळं बसत होतं. चौकीच्या काचेच्या दारात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं: लाल तोंड, डोक्यावर अजून हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा नीट आवळलेला. काम करताना काही पडू नये म्हणून.

आत गॅव्हिन बाकावर बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून मागे वळवलेले. मॉरीन टेबलावर काहीतरी लिहीत होती.

"गाडी सापडली," लायल म्हणाला.

मॉरीनने वर पाहिलं. "कुठे?"

"मैदानावर."

"मैदानावर कुठे? मी सकाळीच तिथून आले."

"स्टँडखाली."

"कुणी नेऊन ठेवली तिथे?"

विलियामीने काल देऊ केलेली पळवाट अजून उघडी होती. चोरांनी, एवढंच म्हणायचं होतं.

"मीच," लायल म्हणाला. "सावली होती म्हणून. मग भोवतीने बांधून टाकलं."

मॉरीनने पेन खाली ठेवलं. तिच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. शाळेत बाई फळ्याकडे वळल्या की हलायचे तसेच. पण हसण्याआधी तिने पोलिसासारखं विचारलं, "कधी कळलं तुला?"

तिसरा मसुदा तोंडात तयार होता. दहा मिनिटांपूर्वी. एवढे दोनच शब्द.

"काल," लायल म्हणाला. "सव्वासहाला."

मॉरीनचं हसू तिथेच विरलं. तिने पेन पुन्हा उचललं.

"काल?" गॅव्हिनने विचारलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर लायलला सोपं गेलं असतं. "मी पहाटे पाचला उठून ट्रॅक्टर पुसत होतो. आई म्हणाली, किती पुसशील."

"गॅव्हिन, माझी..."

"संपली ना मिरवणूक?"

"संपली."

गॅव्हिन उठला, मॉरीनला "जाऊ ना?" असं विचारून उत्तराची वाट न बघता दार उघडून बाहेर गेला.

"लायल ट्रेलोर," मॉरीन म्हणाली, "मी त्याला त्याच्या आईसमोरून आणलाय. तुझ्या एका फोनवर. आणि माझ्याही डोक्यात पहिलं नाव त्याचंच आलं, ते माझं मी बघीन. तू जा, तुझं तू बघ."

लायल मैदानावर परत आला आणि माईकच्या मचाणावर चढला. नोलीनने त्याचा चेहरा पाहून माईक बंद केला. त्याने सगळं सांगितलं, यावेळी एकही मसुदा न करता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मटण दोनदा वाढून घेतलंस रे तू."

"हो."

"आत्ताच्या आत्ता त्याच्या घरी जा. त्याला म्हणावं, चार वाजता मैदान त्याचं आहे. सगळी फेरी. एकट्याची."

"तो नाही यायचा."

"मग त्याच्या आईला सांग."

निचकींच्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता, लाल रंग इतका चकचकीत की लायलला त्यात पुन्हा आपलं हेल्मेट दिसलं. गॅव्हिन चाकापाशी जमिनीवर बसला होता. शर्ट काढून त्याने नीट घडी करून ठेवला होता.

"नको," निरोप ऐकून तो म्हणाला. "सगळे माझ्याकडेच बघतील."

"बघू देत. हसायचं असेल तर मी आहे तिथे. नोलीन आत्ता माईकवरून माझंच सांगतेय."

"काय सांगतेय?"

"सगळं."

गॅव्हिनने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "सगळ्या गावाला?"

"विनला ऐकू जावं म्हणून आवाजही वाढवलाय."

दारात गॅव्हिनची आई उभी होती, छोटीशी बाई, हाताला पीठ लागलेलं. ती लायलकडे न बघता आत आली. तिने घडी केलेला शर्ट उचलला, झटकला आणि मुलापुढे धरला.

लायल मैदानावर पोचला तेव्हा नोलीनचं बोलणं संपत आलं होतं. "...तर ही गाडी आत्ता तुमच्या बुडाखाली आहे," तिचा आवाज चारी कर्ण्यांतून येत होता. "माझा नवरा एकतीस वर्षं हेच काम करतोय. त्याने काल रात्री खरं सांगितलं असतं तर गॅव्हिन निचकी आज दीड वाजता सगळ्यांच्या पुढे असता. आणि तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी सकाळपासून गॅव्हिनचं नाव घेतलं, त्यांनीही जरा आपल्या बुडाखाली बघावं."

आधी हशा झाला, मोठा, मैदानभर. बारा जणांनी लायलकडे बघून टोप्या हलवल्या. पण शेवटच्या वाक्यावर तो हशा खाली बसला. लोक पायांकडे बघायला लागले. गाडी बघायला असेल, किंवा कशालाही.

"कुणाबद्दल बोलतेय ती?" विनने मोठ्याने विचारलं.

"आपल्या लायलबद्दल," शेजारची म्हणाली.

"असं होय. मला वाटलं कुणी भरवशाचा माणूस बिघडला."

बरोबर चारला फाटकातून ट्रॅक्टरचा ठोका ऐकू आला. धक् धक् धक्. एकटा लाल ट्रॅक्टर मैदानात शिरला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. मग मागच्या रांगेत कुणीतरी पाय आपटला. दुसऱ्याने आपटला. बघता बघता सहाशे माणसं उभी राहिली आणि ट्रॅक्टरच्या ठोक्यावर पाय आपटायला लागली, सगळी एका तालात.

गावाला ते कौतुक वाटलं. लायलची नजर खाली पाइपांकडे गेली. बसलेली सहाशे माणसं हे एक वजन आहे. एका तालात उडणारी सहाशे माणसं हे वेगळंच जनावर असतं. हिशेबात तेही धरलेलं असतं, हाजिस सगळं धरतात. तरी बांधणाऱ्याने अशा वेळी वर बघत बसायचं नसतं.

"विलियामी! डावीकडून!"

तिघंही खाली घुसली. विलियामी एका टोकाला, केरिन दुसऱ्या, लायल मधे, गाडीपाशी. वरून धूळ गळत होती. पाइप थरथरत होते, फळ्या दणदणत होत्या. लायलने मधल्या उभ्या पाइपला तळहात लावला आणि डोळे मिटले. हाताला कळतं, पकड सुटतेय की वजनाखाली नुसती करकरत बोलतेय. ती बोलत होती.

"इकडे घट्ट!" केरिन ओरडली.

"इकडेही!" विलियामी.

ट्रॅक्टर जवळ आला. पाइपांमधून लायलला फक्त मोठ्या चाकाचा तुकडा दिसला, लाल आणि काळा, सरकत जाणारा. तो बरोबर मधे, विनच्या समोर येऊन थांबला असावा, कारण ठोका जागच्या जागी राहिला आणि वरचा गलका दुप्पट झाला. गॅव्हिन हसला का, त्याने हात केला का, हे लायलला दिसलं नाही. त्याला दिसत होती आपली गाडी, आणि तिच्या टपावर साचत चाललेली धूळ. मग ठोका पुढे गेला, लांब गेला. हाताखालचा पाइप हळूहळू शांत झाला.

"काय केलं त्याने?" नंतर त्याने नोलीनला विचारलं.

"तू नव्हतास तिथे?"

"मी खाली होतो."

"मग राहू दे," ती म्हणाली. "ते तुला नाही सांगणार."

आणि तिने खरंच सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाला विचारायची लायलची हिंमत झाली नाही.

सोमवारी हाजिस आले. खाली वाकून त्यांनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "मी विचारलं होतं." बास, एवढंच. मग स्टँड उतरवायला सुरुवात झाली. शनिवारपेक्षा जास्त नाही, पण बरेच लोक घडीच्या खुर्च्या घेऊन बघायला आले होते. पहिला तिरका पाइप लायलने काढला तेव्हा टाळ्या पडल्या. दोन वाजता गाडी उघड्यावर आली, धुळीने तपकिरी झालेली. लायल आत बसला, किल्ली फिरवली. टिक, एवढाच आवाज आला. दार नीट लागलं नव्हतं. आतला दिवा तीन दिवस जळून बॅटरी पार बसली होती.

कुणी हसलं नाही. इतकं झाल्यावर लोकांना त्याची दया आली असावी, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

मग तो ठोका ऐकू आला. गॅव्हिनने ट्रॅक्टर गाडीच्या पुढ्यात उलटा आणून लावला, उतरला, दोर काढला, गाडीच्या पुढच्या कडीत अडकवला, दोनदा ओढून पाहिला.

लायल खाली उतरला. "गॅव्हिन, शनिवारचं..."

"गॅरेजपर्यंत नेतो," गॅव्हिन म्हणाला. "मला साडेतीनला कोठारावर जायचंय."

"मी तुला परवा मुद्दाम भेटायला..."

"लायल, बस आत."

लायल बसला. दोर ताणला गेला. ट्रॅक्टर गुरगुरला, त्याची पुढची चाकं किंचित उचलली गेली, गाडी जागची हलली नाही. गॅव्हिनने ट्रॅक्टर थांबवला, उतरून सावकाश मागे आला आणि खिडकीत वाकला.

"काय झालं?" लायलने विचारलं. "दोर सुटला?"

"हँडब्रेक," गॅव्हिन म्हणाला.

लायलने हँडब्रेक सोडला. गॅव्हिन परत जाताना पाठमोरा होता, त्यामुळे त्याचे खांदे कशाने हलताहेत ते सांगता येत नव्हतं. मग ट्रॅक्टर निघाला, चालत्या माणसाच्या वेगाने, मुख्य रस्त्यावरून. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघत होती. लायल दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून सरळ समोर, गॅव्हिनच्या पाठीकडे बघत बसला. बेकरीपाशी त्याला आठवलं की हेल्मेट अजून डोक्यावर आहे. काढावं की राहू द्यावं याचा त्याने गॅरेज येईपर्यंत विचार केला.